रानसशाच्या कानावरच्या गोचिड्या, पिसवा वगैरे

गवताळ

नमस्कार मंडळी. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आजूबाजूचा माळ माझा नेहमीचा. लोक तिथं चिंकारा बघायला येतात. मीही त्याच्यासाठीच जातो, पण चिंकारा दिसायच्या आधी पायाखालून ससा उठणार हे ठरलेलं. परवा मात्र एक ससा उठलाच नाही. बोरीच्या जाळीत कान पाठीला चिकटवून बसून राहिला, आणि मला पहिल्यांदाच सशाचे बरे फोटो मिळाले.

घरी येऊन मोठे करून पाहिले तर दोन्ही कानांच्या कडेनं करडे दाणे. फुगलेले ते ज्वारीएवढे, बारके तिळाहून लहान आणि तांबूस. कानाच्या मुळाशी गर्दीच. एक तर डोळ्याच्या खालच्या पापणीला. ससा तसा धडधाकट दिसत होता, केस नीट, पाठ भरलेली.

ह्या गोचिड्याच ना? कानावरच का? आणि त्याच माळावर मेंढरं चरतात, माझ्यासारखे लोक गुडघे टेकून फोटो काढतात, तर या गोचिड्यांचं पुढं काय होतं? तिथल्या एका मेंढपाळ मामांचं म्हणणं, "ससं लई झालं की मेंढरांना गोचिड्या लई." यात तथ्य किती? जाणकारांनी सांगावं.

रानवाट

गोचिड्याच. आमच्याकडं सिन्नरच्या बाजूला पावसाळा सरता सरता हमखास दिसतात. कुत्रं सशामागं गवतात घुसून आलं की त्या संध्याकाळी कुत्र्याचे कान तपासायचे, हा घरचा नियमच आहे.

शंकासुर

मग काढल्या का चिमट्यानं?

गवताळ

@शंकासुर, हो, ससा म्हणाला आधी डावा कान घ्या.

गुरांचा डॉक्टर

फोटो पाहिले. गोचिड्याच आहेत. फुगलेले करडे दाणे म्हणजे रक्त पिऊन टरारलेल्या माद्या किंवा पोट भरलेली पिल्लं. तिळाहून लहान दिसतात त्या अळ्या. अळीला सहा पाय असतात. कात टाकून पिल्लू झालं की आठ, मोठ्या गोचिडीलाही आठ. जात कोणती ते फोटोवरून सांगत नाही, कारण त्यासाठी तोंडाचा भाग आणि पाठीची ढाल भिंगाखाली बघावी लागते. फोटोवरून छातीठोक जात सांगणारे व्हॉट्सअॅपवर भरपूर आहेत, त्यांना विचारा.

कानावर का? ससा स्वच्छतेचा भारी भोक्ता. पाठ, कुशी, पाय दिवसभर चाटत असतो. कानसुद्धा पुढच्या पायांनी खाली ओढून चाटतो, मागच्या पायानं खाजवतो. तरी कानाची कड, कानाचं मूळ, पापण्या आणि बोटांमधल्या बेचक्या सुटतातच. त्यात कानाची कातडी पातळ, केस आखूड, आणि रक्तवाहिन्या अगदी वर. उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायचं काम ससा कानांतूनच करतो, म्हणून तिथं रक्ताचा पुरवठा दांडगा. गोचिडीला आणखी काय हवं!

आता मेंढपाळ मामांचं म्हणणं. अर्धं खरं आहे, आणि कुठलं अर्धं ते समजून घ्यायला हवं.

गोचीड आयुष्यात तीनदा जेवते. अळी असताना एकदा, पिल्लू असताना एकदा, मोठी झाल्यावर एकदा. बऱ्याच जाती प्रत्येक जेवणानंतर जमिनीवर पडतात, कात टाकतात आणि मग दुसरं जनावर शोधतात. अळ्या आणि पिल्लं गवतात फार वर चढत नाहीत. त्यांच्या उंचीला काय सापडतं? ससा, उंदीर, मुंगूस, तित्तर, लावा. मोठी गोचीड वर चढते, तिला शेळी, मेंढी, गाय मिळते. हायलोम्मा नावाच्या गटातल्या काही जाती तर अळी आणि पिल्लू या दोन्ही अवस्था एकाच सशावर किंवा जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यावर काढतात, आणि मोठ्या झाल्या की गुरांवर जातात. या गोचिडीच्या पायांवर फिकट पट्टे असतात, आणि ती गवताच्या टोकाला वाट बघत बसण्याऐवजी जनावराच्या मागं चक्क पळत येते. माळावर बसलात आणि एक पट्टेरी पायांची गोचीड मातीवरून तुमच्या बुटाकडं निघालेली दिसली, तर ती हीच. अशा जातींपुरतं मामांचं बरोबर.

पण गोठ्यातल्या गाईच्या कासेला, मानेखाली जी नेहमीची गोचीड दिसते तिचा सशाशी काही संबंध नाही. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस तिचं नाव. ती अळी म्हणून गाईवर चढते, तिथंच दोनदा कात टाकते, तिथंच जोडीदार शोधते, आणि तीनेक आठवड्यांनी पोट भरून खाली पडते ती फक्त अंडी घालायला. एक मादी दोन-तीन हजार अंडी सहज घालते, गव्हाणीच्या फटीत, भिंतीच्या पोपड्याखाली. तिथं सशाला दोष देण्यात अर्थ नाही, गोठ्याच्या भेगा बुजवा.

ससा यानं मरतो का? धडधाकट ससा नाही मरत. पिल्लू असेल, म्हातारा असेल किंवा आधीच आजारी असेल तर रक्त कमी होऊन खंगतो. पुष्कळदा उलटंही असतं. आजारी ससा अंग चाटायचं सोडतो आणि म्हणून गोचिड्या वाढतात. तुमचा ससा पाठीनं भरलेला आहे, चिंता नको.

तुम्ही स्वतः मात्र जरा जपा. अमेरिकेत सशावरच्या एका गोचिडीवर अभ्यास झाला आहे. पोट भरलेली गोचीड सशावरून कधी गळून पडते, तर बहुतेक वेळा दिवसा, म्हणजे ससा आपल्या बसायच्या जागी दबून असतो तेव्हा. रात्री तो हिंडत असताना पडली तर कुठंही पडेल. बसल्या जागी पडली तर कात टाकून तयार होईपर्यंत एखादा ससा पुन्हा तिथं येऊन बसण्याचा संभव जास्त. आपल्याकडच्या जातींचं असंच असेल असं म्हणत नाही, पण सशाच्या बैठकीशेजारी पोटावर पालथं पडून फोटो काढणाऱ्यानं घरी येऊन पँट झटकावी, एवढं तर नक्की.

गवताळ

डॉक्टरसाहेब, ससा उठून गेल्यावर मी नेमका त्या जाळीतच बसकण मारून बॅटरी बदलली होती :(

रानवाट

आज आंघोळ जरा निगुतीनं करा.

थेम्सकाठ

मस्त धागा. थोडी इकडची भर घालतो.

मी इंग्लंडात केंटमध्ये राहतो. आपल्याकडं महाराष्ट्रात रानात जो आहे तो एकटा राहणारा, बीळ न करणारा, मानेवर काळा पट्टा असलेला ससा. इथं तोही आहे (जात वेगळी, तपकिरी), पण जास्त दिसतो तो बिळात कळपानं राहणारा बुटका ससा, ज्याच्यापासून जगभरचे पाळीव ससे आले. त्याच्या कानावर गोचिड्यांपेक्षा पिसवा जास्त. इतर पिसवा उड्या मारत अंगभर फिरतात, ही कानाच्या कडेला तोंड खुपसून तासन् तास बसून राहते. मेलेला ससा जवळून पाहिला की कानावर तपकिरी ठिपक्यांची झालर दिसते.

या पिसवेची गोष्ट मिरियम रॉथ्सचाइल्ड या बाईंनी १९६०च्या दशकात उलगडली, आणि मला ती कुठल्याही रहस्यकथेपेक्षा भारी वाटते. ही मादी पिसू एरवी अंडी घालूच शकत नाही. ससाणी गाभण राहिली, तिच्या रक्तातली संप्रेरकं बदलली, की ते रक्त पिऊन पिसवेच्या पोटात अंडी पिकू लागतात. गाभणपणाच्या शेवटी सशावरच्या पिसवा ससाणीच्या कानावर गोळा झालेल्या असतात. ती व्याली की काही तासांत त्या तिच्या कानावरून निघून तोंडाकडं येतात आणि ती पिल्लं चाटत असताना पिल्लांवर उतरतात. तिथं रक्त पितात, तिथंच मीलन होतं, आणि अंडी बिळातल्या गवताकेसांच्या गादीत पडतात. काम झालं की पुन्हा आईच्या कानावर. पिसवेची वीण सशाच्या विणीला बांधलेली आहे, एक दिवस इकडं तिकडं नाही.

आणि याच पिसवेनं ब्रिटनमधले ससे संपवत आणले. मिक्सोमॅटोसिस या रोगाचा विषाणू मुळात दक्षिण अमेरिकेतल्या सशांचा, तिथं तो फारसं काही करत नाही. १९५० मध्ये ऑस्ट्रेलियानं शेती खाणारे ससे मारायला तो मुद्दाम सोडला, तिथं डासांनी पसरवला. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या एका डॉक्टरनं आपल्या आवारातले ससे जावेत म्हणून सोडला आणि बघता बघता युरोपभर झाला. १९५३ मध्ये इथं केंटमध्ये आला. इथं पसरवला तो पिसवांनी. दोन-तीन वर्षांत शंभरातले नव्व्याण्णव ससे गेले. पुढं ऑस्ट्रेलियानं हीच पिसू युरोपातून नेऊन मुद्दाम सोडली, कारण डास सगळीकडं नसतात, पिसू मात्र सशाबरोबर बिळात जाते.

अजूनही उन्हाळा सरताना रस्त्याकडेला डोळे सुजून बंद झालेला, गाडीचा आवाज येऊनही न हलणारा ससा दिसतो. बघवत नाही.

शंकासुर

हा रोग आपल्या सशांना झाला तर?

थेम्सकाठ

मोठ्या, एकटं राहणाऱ्या सशांना तो क्वचितच होतो अशी समजूत होती. २०१८ मध्ये स्पेनमध्ये विषाणूचा बदललेला प्रकार आला आणि तिथले रानससे पटापट मेले. माणसाला मात्र होत नाही.

गुरांचा डॉक्टर

थेम्सकाठ, फार छान लिहिलंत. आपल्या सशावर पिसवा इतक्या का दिसत नाहीत याचं उत्तर तुमच्याच गोष्टीत आहे.

पिसवेची अळी जनावराच्या अंगावर वाढत नाही. ती वाढते घरट्यात, बिळात, गोधडीत, म्हणजे जिथं मोठ्या पिसवांची रक्ताळलेली विष्ठा आणि केरकचरा साठतो तिथं. तेच तिचं अन्न. आपला ससा बीळच करत नाही. पिल्लं जन्मतात तीच केसांसकट आणि डोळे उघडे असलेली, आणि लवकरच वेगवेगळी होऊन गवतात दबून बसतात. आई दिवसाकाठी एखाद-दोनदा येऊन पाजून जाते. गादी नाही, केर नाही, म्हणून पिसवांचा पाळणाघराचा प्रश्नच निकालात. आपल्या सशावर पिसू सापडली तर ती बहुधा कुत्र्यामांजराची किंवा उंदराच्या बिळावरून आलेली पाहुणी.

गोचिडीला गादी लागत नाही, उघडं गवत चालतं. म्हणून आपल्याकडं सशाच्या अंगावर तिचं राज्य.

उवाही असतात, पण त्या सशाच्या म्हणजे सशाच्याच. माणसावर येत नाहीत, त्यांची धास्ती सोडा.

राहिल्या चिगर माइटच्या अळ्या (माइट म्हणजे गोचिडीचे अगदी बारके भाऊबंद). कानाच्या आत नारिंगी-लाल पुरळासारखा पुंजका दिसला तर त्या. या अळ्या मुख्यतः उंदरांवर असतात, सशावर येता जाता. पण गवतात बसणाऱ्यानं त्यांची नोंद घ्यावी, कारण त्यांच्यातल्या काही जातींच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात बरेच रुग्ण सापडले होते. पाऊस संपताना ताप आला, डोकं फुटायला लागलं आणि काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली न दुखणारी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ती खपली दाखवा आणि गवतात फिरलो होतो हे आपणहून सांगा. डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळालं तर माणूस पटकन बरा होतो. नाही सांगितलं तर डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्यांत आठवडा जातो.

दोडामार्गची वहिनी

इतका वेळ नुसती वाचत होते, पण आता लिहिल्याशिवाय राहवेना.

तुम्हां देशावरच्या लोकांना गोचीड म्हणजे कुत्र्यामागची कटकट. आमच्या दोडामार्गात २०१६ पासून गोचीड म्हटलं की घरात सगळे गप्प होतात. केर गावात माकडतापाचे रुग्ण निघाले ते त्या वर्षी. त्याच्या आधीच्या वर्षी शेजारी गोव्यात, सत्तरीत पाली गावात निघाले होते. हा रोग मूळचा कर्नाटकातला. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि मग माणसं तापानं पडू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संस्थेनं तो शोधून काढला.

आमच्याकडं तो पसरवणारी गोचीड हिमॅफायसेलिस गटातली. गोष्ट डॉक्टरांनी सांगितली तशीच. मोठी गोचीड गुरांवर, बारकी पिल्लं रानातल्या उंदीर, घुशी, ससे, पक्षी, माकडं असल्यांवर, आणि माणसाला चावतात ती बहुतेक ही बारकी पिल्लंच. ती इतकी लहान की चावली तरी कळत नाही. डिसेंबर ते मे हा त्यांचा हंगाम, आणि नेमका तोच आमचा काजूचा हंगाम. बाया पहाटे बागेत जातात, पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, बसून बोंडं गोळा करतात, दुपारी तिथंच सावलीला आडव्या होतात. पातेरा भाजावळीला (शेत भाजायला) आणायचा तोही डोक्यावरून.

ताप एकदम चढतो. डोकं आणि कंबर अशी दुखते की माणूस कूस बदलू शकत नाही. काहींना हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. यावर नेमकं औषध नाही, सलाईन लावून, जपून माणूस बाहेर काढायचा. आमच्या आळीतल्या एका काकांना आधी साधा ताप म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. आम्ही केलडं (माकडं) मेल्याचं सांगितल्यावर मग रक्त पुढं गेलं.

आणि मला मुख्य सांगायचंय ते हे. केलडं किंवा वांदर मेलं की त्याचं अंग गार पडतं, आणि अंगावरच्या गोचिड्या त्याला सोडून खाली उतरतात. त्या जागेभोवतीचा पातेरा मग फार धोक्याचा. आमच्या सासूबाईंनी शास्त्र वाचलेलं नाही, पण त्या मुलांना एवढंच सांगतात, "रानात मेलेला माकाड दिसला तर वाट बदल, बघूक जाव नको." आरोग्य खात्याचे लोक येऊन त्या जागेभोवती पावडर मारतात, तोवर तिकडं कुणी फिरकत नाही.

ससा मेलेला दिसला तरी हाच नियम लावावा, असं माझं मत. आमच्याकडं कुणी कुणी अजून मेलेला ताजा ससा मिळाला तर उचलून आणतात. नका आणू.

शंकासुर

वहिनी, रागावू नका, पण असं सगळंच धोक्याचं म्हटलं तर माणसानं रानात जाऊच नये. आमचे आजोबा आयुष्यभर शिकार करायचे, काही झालं नाही त्यांना.

दोडामार्गची वहिनी

रानात जाऊ नका असं मी कुठं म्हटलं? आम्ही रोज जातो, रानावरच आमचं पोट आहे. आधी अंगाला गोचीड पळवणारं तेल, पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात. घरी आल्यावर कपडे थेट उकळत्या पाण्यात, आणि मग गरम पाण्यानं अंघोळ. एवढं केलं की जा खुशाल. तुमच्या आजोबांचं नशीब चांगलं होतं, त्यात सशाचा काही दोष नाही :)

जुनं दप्तर

गार पडलेलं जनावर सोडून परजीवी पळतात, ही गोष्ट मुंबईकरांनी फार महागात शिकली आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला. लोकांना एवढं कळत होतं की घरात उंदीर पडले की पाठोपाठ माणसं पडतात, म्हणून उंदीर पडला की घर सोडायचं. कारण मात्र कळेना. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवून दिलं की मेलेल्या उंदराच्या पिसवा रोग नेतात. त्याला बरीच वर्षं कुणी मानलं नाही. पुढं प्लेग कमिशननं १९०५ पासून मुंबईत परळला प्रयोग केले. प्लेगच्या घरात गिनिपिग सोडायचे, त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा गोळा व्हायच्या आणि ते मरायचे. पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचायचे. ती पिसू म्हणजे झिनोप्सिला केओपिस, त्यातलं केओपिस हे नाव १९०३ मध्ये चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी ठेवलं. वर थेम्सकाठ यांनी ज्या बाईंचा उल्लेख केला, त्यांचे हे वडील. घराणंच पिसवांचं!

आता सशाची गोष्ट. १९४४ मध्ये क्रिमियात सुमारे दोनशे सोव्हिएत सैनिक आणि शेतावरची माणसं रक्तस्रावी तापानं आजारी पडली. युद्धामुळं शेतं पडीक होती, शिकार बंद होती, त्यामुळं ससे बेसुमार वाढलेले. सशांवर हायलोम्माच्या अळ्या आणि पिल्लं वाढली, आणि मोठ्या झालेल्या गोचिड्यांना गुरं कमी पडली तेव्हा उभ्या गवतात काम करणारी माणसं मिळाली. तोच हा क्रिमियन काँगो ताप. भारतात तो पहिल्यांदा पक्का झाला जानेवारी २०११ मध्ये, गुजरातेत अहमदाबादजवळ, तोही पुण्याच्याच संस्थेत. त्यात रुग्णाबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या.

यात सशाला खलनायक करू नये असं मला वाटतं. ससा तिथं हजारो वर्षं होताच. बिघडलं ते शेत पडीक पडल्यावर.

शंकासुर

हे माहीत नव्हतं. वाचतोय.

गुरांचा डॉक्टर

जुनं दप्तर यांना अनुमोदन. एक पुस्ती. या तापाचा विषाणू रक्तात असताना ससा, गाय, मेंढी आजारी दिसतच नाहीत. म्हणून गुरांच्या गोचिड्या उघड्या हातानं खुडून नखावर चिरडायची जी सवय आपल्या प्रत्येक गोठ्यात आहे, ती सोडा. त्या रक्तातच सगळं असतं. शिकार करून ससा सोलणाऱ्यांनाही हेच लागू, शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ससा मारणं गुन्हा आहे, हे शंकासुरांच्या आजोबांच्या वेळचं नातवांनी चालवू नये.

टेक्सासकर

इकडं डॅलसच्या बाहेर आमच्या परसात कापसासारख्या शेपटीचे छोटे ससे रोज येतात. गेल्या उन्हाळ्यात एकाच्या मानेवर मोठी गाठ आणि तिला मधोमध भोक दिसलं. भोकात काहीतरी हललं. बायको किंचाळली, मी गुगल केलं.

ती बॉट माशीची अळी होती. माशी सशाच्या वाटेवर, बिळाच्या तोंडाशी अंडी घालते. अळ्या सशाच्या तोंडानाकातून आत शिरतात, आणि फिरत फिरत कातडीखाली येऊन बसतात. भोक श्वासासाठी. महिनाभरानं अळी जाडजूड काळी होऊन स्वतःच बाहेर पडते, मातीत कोष करते, आणि ससा बहुधा जगतो. इथल्या प्राणी-बचाव केंद्राच्या बाईंनी फोनवर बजावलं की ती पिळून काढू नका, आत फुटली तर सशाला जिवावर बेतू शकतं. आम्ही काहीच केलं नाही, तेच योग्य होतं.

इथं शिकारी लोकांना ससा उघड्या हातानं सोलू नका असं सांगतात ते मात्र वेगळ्या रोगासाठी, ट्युलरेमिया. कॅलिफोर्नियातल्या ट्युलेरी परगण्यात १९११ मध्ये तो खारींमध्ये सापडला म्हणून ते नाव. सशाच्या रक्तातून, गोचिडीतून, डास-माश्यांतून, कसाही होतो. मंद, हातानं धरता येणारा ससा दिसला की तो आजारी समजायचा आणि लांब राहायचं. लहान मुलांना हे शिकवावं लागतं, कारण त्यांना वाटतं ससा आपल्याशी मैत्री करायला थांबलाय.

मनीमाऊ

जरा वेगळा प्रश्न. आमच्याकडं पाळीव पांढरा ससा आहे, फ्लॅटमध्येच असतो. कानाच्या आत पिवळट तपकिरी पापुद्रे जमलेत, सारखा मान झटकतो. दुकानदारानं कुत्र्यांच्या गोचिड्यांचा स्प्रे दिलाय, "सगळ्यांना चालतो" म्हणाला. मारू का?

गुरांचा डॉक्टर

@मनीमाऊ, थांबा! स्प्रेच्या बाटलीवर फिप्रोनिल लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर सशाला अजिबात नाही. कुत्र्याला चालतं ते सशाला विषारी ठरतं, झटके येऊन ससा दगावतो. दुकानदारांना हे माहीत नसतं आणि ते विकत राहतात, दर वर्षी असे ससे आमच्या टेबलावर येतात.

तुम्ही सांगताय ती गोचीड नाहीच. कानातली खरूज आहे, सोरॉप्टीस नावाचा माइट. तो कानाच्या आतच राहतो, त्याच्या चाव्यानं स्राव येतो, वाळतो आणि थरावर थर चढतात. ते पापुद्रे नखानं उपटू नका, खालची कातडी सोलली जाते आणि सशाला मरणाच्या वेदना होतात. पशुवैद्याकडं न्या. आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन वजनानुसार दिलं जातं, काही दिवसांनी पुन्हा दिलं जातं, आणि पापुद्रे आपोआप सुटून पडतात. बिछान्याचं गवत रोज बदला, पिंजरा गरम पाण्यानं धुवा. दुसरा ससा असेल तर त्यालाही औषध, लक्षण दिसो न दिसो.

आणि पाठीवर कोंडा दिसतोय का तेही पाहा. कोंडा हलताना दिसला तर तो दुसरा माइट, शेलेटिएला. तो माणसालाही चावतो, हातावर खाजरे लाल ठिपके उठतात.

मनीमाऊ

बापरे. फिप्रोनिलच लिहिलंय. बाटली परत करते. उद्याच नेते डॉक्टरांकडे. खूप खूप धन्यवाद!!

गवताळ

एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. शेवटचे दोन प्रश्न. अंगावर चिकटलेली गोचीड काढायची कशी? आमच्याकडं रॉकेलचा बोळा किंवा पेटती उदबत्ती लावतात. आणि सासवड रस्त्यावर गाडीखाली आलेले ससे बऱ्याचदा दिसतात, कधी जिवंत जखमी. त्यांचं काय करावं?

गुरांचा डॉक्टर

रॉकेल नाही, उदबत्ती नाही, तंबाखू नाही. डिवचली की गोचीड पोटातलं पुन्हा जखमेत सोडू शकते, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून गोचिडीचं तोंड पकडा, पोट दाबू नका, आणि सरळ वर सावकाश ओढा. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. मग जागा साबणानं धुवा. चिमटा नसेल तर जाड कागद किंवा रुमाल मध्ये धरा, उघडी बोटं नकोत. गोचीड बारीक डबीत स्पिरिटमध्ये टाकून तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर ती डबी घेऊन डॉक्टरांकडे जा, नाही आला तर फेकून द्या.

मेलेला ससा उचलू नका. रस्त्यातून बाजूला करायचाच झाला तर फावड्यानं, हातानं नाही, आणि कुत्र्यालाही हुंगू देऊ नका. जिवंत जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा. ते येईपर्यंत वरून हवेशीर खोका झाकून ठेवा, अंधारात ससा शांत राहतो. दूध पाजू नका, मांडीवर घेऊ नका. भीतीनं मरणारे ससे जखमेनं मरणाऱ्यांपेक्षा मी जास्त पाहिलेत.

रानवाट

खोक्याला भोकं पाडायची ती ससा आत ठेवायच्या आधी. आमच्याकडं एकानं आत ससा असताना पेचकस खुपसला होता.